चार खोल्यांची मेमरी

आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची एक कायम जागा निघाली, तेव्हा मी तिथे अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी, आणि जून आला की पुन्हा नव्याने अर्ज. ज्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला ओळखायचे, तिथेच दर जूनला मी अनोळखी बाईसारखी फाईल छातीशी धरून उभी राहायचे. मूळ प्रमाणपत्रं दाखवायचे. बघणाऱ्या कारकुनालाच लाज वाटायची, तो न बघता शिक्का मारायचा.

जाहिरातीत वयाची अट होती. मी अटीच्या आत होते, पण अगदी काठावर. आमच्या विषयाची जागा निघायला किती वर्षं लागतात ते मला चांगलं माहीत होतं. पुढची निघेल तेव्हा मी अटीबाहेर गेलेली असणार. म्हणजे ही एकच. ही गेली की कायम होण्याचा विषय माझ्यापुरता संपला, इतकं ते सरळ होतं.

मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडची. तीही गावातली नाही, गावाबाहेरच्या वस्तीवरची. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि मी मागे आत्याकडे राहून शाळा करायचे. वस्तीवर माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझ्या नावापुढे दोन पदव्या आहेत आणि त्या मी स्वतःच्या डोक्याने मिळवल्या आहेत. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. लोकांना ते टोचतं. ‘मॅडमना फार आहे’ असं स्टाफरूममध्ये माझ्यामागे म्हणतात, तेही माझ्या कानावर आहे. म्हणू देत. ‘बिचारी’पेक्षा ते बरं.

मुलाखतीत पंधरा मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा होता. विभागप्रमुख सरांनी बोलावून सांगितलं, ‘मॅडम, सगळ्या उमेदवारांना एकच विषय आहे. मेमरी. पण नुसता फळा नको. बाहेरून तज्ज्ञ येणार आहेत, त्यांना काहीतरी चालवून दाखवा.’

‘किट काढू का सर?’

‘किट?’ सर हसले. ‘त्यातल्या चिपा मुलांनी कधीच मारल्या. आता त्याच्यावर डबे ठेवायचे.’

ते खरंच होतं. प्रॅक्टिकलला मुलं उलट्या बाजूने सप्लाय जोडायची आणि चिप तापून वास सुटला की एकमेकांकडे बघायची. म्हणून गेली काही वर्षं मी सगळं सिम्युलेटरवरच शिकवत होते. सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर सर्किट जोडायचं. बाजूच्या यादीतून गेट, म्हणजे चालू-बंद ठरवणारे सर्किटचे छोटे भाग, उचलायचे, पडद्यावर ठेवायचे, माऊसने तारा ओढायच्या आणि ‘सुरू’ म्हणायचं. जिवंत तार हिरवी होते, मेलेली करडी राहते. इथे काही जळत नाही. चुकलं तर पुसून पुन्हा. मला ते सिम्युलेटर मनापासून आवडायचं. ज्यांच्या घरी एकदा बिघडलेली वस्तू पुन्हा येत नाही, त्यांनाच हे आवडणं कळेल.

मी ठरवलं, तयार मेमरीची चिप पडद्यावर ठेवून तिचे पाय दाखवायचे नाहीत. ते पुस्तकात असतंच. मी मेमरी स्वतः बनवणार, साध्या गेटपासून, पहिल्या विटेपासून. नखाएवढ्या चिपमध्ये कोट्यवधी खोल्या असतात म्हणे. मला चार पुरे होत्या. चार खोल्या, प्रत्येक खोलीत चार दिवे. चार दिव्यांच्या चालू-बंदमधून शून्य ते पंधरा कोणताही आकडा मांडता येतो. दोन बटनं खोली निवडायला, चार बटनं आकडा मांडायला आणि एक बटन लिहायला. खोली निवडायची, आकडा मांडायचा, लिहायचं बटन वर, म्हणजे चालू करायचं, की तो आकडा त्या खोलीत बसला. मग बटन खाली. आता आकड्याची बटनं कशीही हलवा, खोलीतला आकडा हलणार नाही. पाहिजे तेव्हा ती खोली उघडा, आकडा जिथल्या तिथे. आणि नवा हवा असेल तर तोही लिहिता येईल. प्रोग्रॅम करता येणारी मेमरी म्हणतात ती हीच.

एका दिव्याला आठवण देणं हेच मुख्य काम. त्यात दोन गेट असे जोडतात की पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला जातं आणि दुसऱ्याचं पहिल्याला. मी वर्गात सांगायचे, दोन जावा समजा. थोरली म्हणते धाकटी म्हणते म्हणून, धाकटी म्हणते थोरली म्हणते म्हणून. एकदा दोघींनी एक गोष्ट धरली की बाहेरून कोणी हलवल्याशिवाय ती सुटत नाही. मुली हसायच्या, पण परीक्षेत तो प्रश्न कधी चुकायच्या नाहीत.

अशा सोळा जोड्या लागल्या. कॉलेज सुटल्यावर मी लॅबमध्ये बसायचे. तार एका जागी जोडली की दुसऱ्या जागी सुटायची. दोन खोल्या एकदमच उघडायच्या. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी पहिल्या खोलीत सात लिहिला, दुसरीत गेले, तिसरीत गेले, परत पहिलीत आले आणि सात तिथेच होता. लॅबमध्ये कोणी नव्हतं. मी पर्समधून पाण्याची बाटली काढली, पाणी प्याले आणि पुन्हा एकदा चारही खोल्यांतून फिरून आले. सात होता.

लिहायचं बटन कोणतं घ्यायचं यावर मी फार विचार केला नाही, आणि आज तेच आठवतं. यादीत दोन प्रकारची बटनं होती. एक दाबून धरायचं, दारावरच्या बेलसारखं. हात सुटला की बंद. दुसरं घरातल्या दिव्याचं असतं तसं, ठेवाल तसं राहणारं. पुस्तकात बेलचं बटन दाखवतात. मी दिव्याचं घेतलं. बटन ठेवाल तसं राहिलं पाहिजे, एवढंच वाटलं.

नगरच्या सावेडीत मी एका बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. घरमालकीण काकू चांगल्या होत्या, पण त्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार असायची.

‘मॅडम, दुपारी लाईट गेली होती, आली, आणि तुमच्या खोलीतला दिवा संध्याकाळपर्यंत जळत होता. खिडकीतून दिसतं ना आम्हाला.’

‘सॉरी काकू. बटन राहिलं.’

‘दर वेळी कसं राहतं? लाईट नसताना बटन दाबता कशाला मुळात?’

काय सांगणार? आमच्याकडे लाईट गेली की बटन वर करून ठेवतात. बंद केलं तर लाईट आलेली कळणार कशी? वस्तीवर दारावरचा दिवा बारा महिने तेरा काळ चालू. विहिरीवरच्या पेटीतलं मोटारीचं बटनही वर. लाईट आली की मोटार आपोआप पाणी उचलते. दिवसातून कधी येईल, किती वेळ राहील याचा नेम नसतो. ज्याचं बटन वर, त्याला पाणी. बाकीचे बघत बसतात.

मी चौथीत असताना शाळेच्या भिंतीवर लिहिलं होतं, गरज नसताना बटन बंद करा. गुरुजींनी तो धडाही शिकवला. त्या दिवशी आई-वडील कर्जतच्या बाजाराला गेले होते. मी सकाळच्या शाळेतून आले तर लाईट नव्हती आणि बटनं वर. मी दारावरचं बंद केलं. मग विहिरीवर जाऊन पेटी उघडली आणि तेही बंद केलं. वडिलांनी जाताना कांद्याच्या रोपाकडे दारं धरून ठेवली होती, म्हणजे मोटार सुरू झाली की पाणी आपसूक तिकडे जाणार. लाईट दुपारी आली, दिवस मावळायला गेली. मी ओट्यावर पाढे लिहीत होते. मला कळलंच नाही. त्यानंतर तीन दिवस लाईट आली नाही आणि रोप माना टाकून बसलं.

वडील वाफ्यात वाकून रोप चाचपत राहिले. आई बोलली.

‘कुनी सांगितलं हुतं तुला बटन बंद कराया?’

‘गुरुजींनी.’

‘गुरुजीला सांग, आमच्याकडं लाईट येत न्हाई, ती घरी बसून धरावी लागती.’ मग माझ्या हातावर एक चापट देऊन म्हणाली, ‘शाळंतलं शाळंत ठिवायचं. ह्या हाताला ध्यानात ऱ्हाऊ दी.’

हाताला ते राहिलं. पुढे शिकले, नगरला आले, वीज कशी वाहते ते दुसऱ्यांना शिकवू लागले, पण लाईट गेली की हात आपोआप बटन वर करायचा. काकूंना मी एवढं सगळं कधी सांगितलं नाही. सॉरी म्हणायचे.

पाठासाठी मी एका कागदावर पायऱ्या लिहून काढल्या होत्या. खोली निवडा. आकडा मांडा. लिहायचं बटन वर. लिहून झालं की बंद. मग पुढची खोली. एवढंच. सरावाला तो कागद कीबोर्डशेजारी ठेवायचे. एकदाही चुकलं नाही.

मुलाखत मार्चच्या शेवटी होती. आम्ही सातजण. मला अकराची वेळ मिळाली. कॉम्प्युटर लॅबमध्ये एका टेबलामागे प्राचार्य, विभागप्रमुख सर आणि बाहेरचे तज्ज्ञ. पुढच्या बाकांवर आमच्याच दुसऱ्या वर्षाच्या पाच-सहा मुली बसवल्या होत्या, विद्यार्थी म्हणून. तज्ज्ञ वयस्कर होते, बोलायला शांत. त्यांनी माझी फाईल उलटसुलट केली आणि विचारलं, ‘शिक्षण कर्जतला?’

‘बारावीपर्यंत, सर.’

‘वडील काय करतात?’

‘नाहीत. ऊसतोड करायचे.’

‘अच्छा,’ ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा मऊ नजरेने बघितलं. ती नजर मी ओळखते. मला ती आवडली नाही.

मी जावांचं उदाहरण सांगितलं. प्राचार्य हसले. मग पडद्यावर मेमरी दाखवली. एका मुलीला म्हटलं, कोणताही आकडा सांग, पंधराच्या आतला. पहिली खोली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. सगळं कागदाप्रमाणे. चौथीसाठी हात पुढे केला आणि लाईट गेली.

पडदा काळा. पंखे थांबले. लॅबच्या बॅटऱ्या गेली दोन वर्षं बंदच होत्या, म्हणजे कॉम्प्युटरही गेला. मुलींपैकी कोणीतरी ‘हो गया’ म्हणालं आणि दाबून हसलं.

‘थांबू आपण,’ प्राचार्य म्हणाले. ‘पंधरावीस मिनिटांत येते.’

आम्ही थांबलो. तज्ज्ञांनी रुमालाने मान पुसली. त्यांची नजर कीबोर्डशेजारच्या कागदावर गेली. ते वाकून बघत म्हणाले, ‘पायऱ्या लिहून आणल्यात वाटतं?’

‘हो सर. मुलांना द्यायला.’

‘छान. पण आता पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. जमेल ना, की पाठ करून आलात?’

त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नसेल. पण ती मऊ नजर आणि हा प्रश्न एकामागोमाग आले. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

‘मी बनवलंय सर हे,’ मी म्हटलं. ‘कागद लागत नाही.’

लाईट आली. कॉम्प्युटर उठायला त्याचा वेळ त्याने घेतला. मी सिम्युलेटर उघडला, फाईल उघडली. सर्किट पडद्यावर आलं, पण अजून ‘सुरू’ केलं नव्हतं. सगळ्या तारा करड्या. आणि त्या मेलेल्या सर्किटात माझ्या हाताने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर लिहायचं बटन वर केलं. मग ‘सुरू’ दाबलं. हे मला तेव्हा कळलं नाही. हाताने ते मला विचारून केलं नव्हतं.

‘सांगा आता आकडे,’ मी मुलींना म्हटलं.

‘पाच.’

पहिल्या खोलीत पाच मांडला. दिवे लागले. आकडा दिसतोय म्हणजे लिहिला गेला, म्हणून मी बटनाकडे न बघताच पुढे गेले.

‘नऊ.’ दिसला. ‘बारा.’ दिसला. ‘तीन.’ दिसला.

‘आता,’ मी म्हटलं, ‘आपण पहिल्या खोलीत परत जाऊ. तिथे आपण काय ठेवलं होतं?’

‘पाच,’ सगळ्या मुली एकदम म्हणाल्या.

मी पहिली खोली उघडली. तीन.

‘हा तीन कुठून आला?’ प्राचार्यांनी विचारलं.

‘एक मिनिट सर.’ मी दुसरी उघडली. तीन. तिसरी उघडली. तीन.

झालं होतं ते अगदी साधं होतं. लिहायचं बटन वर राहिलं, म्हणजे मेमरी सारखी लिहीतच होती. मी बघायला म्हणून जी खोली उघडत होते, तिथलं जुनं पुसून बाहेर मांडलेला शेवटचा आकडा आत बसत होता. जितकं मी शोधायला फिरले तितकं मीच पुसत गेले. पण ते मला आज दिसतं. तेव्हा मी खोल्या निवडणाऱ्या तारांमध्ये चूक शोधत होते, कारण तीन आठवडे मला त्याच तारांनी छळलं होतं. माऊस हातात ओला झाला होता. एकेका तारेवरून बोट फिरवत मी तोंडाने काहीतरी बोलत राहिले, काय ते आठवत नाही.

‘मॅडम,’ तज्ज्ञ शेवटी म्हणाले, ‘तुमच्या मेमरीला शेवटचं तेवढं लक्षात राहतंय.’

मुली हसल्या. विभागप्रमुख सर खाली बघून हसले. त्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं, विनोद चांगला होता. मग तज्ज्ञांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, ‘हे तुम्ही स्वतः बनवलंय ना? म्हणजे, नेटवर तयारही मिळतात हल्ली.’

‘मी बनवलंय सर.’

‘ठीक आहे. धन्यवाद.’

वेळ संपली होती. मंडळी चहाला उठली, मुलींना सोडून दिलं. मी पडद्यासमोर तशीच उभी होते. आणि मग ते दिसलं. कोपऱ्यात, वरच्या बाजूला, एवढंसं लिहायचं बटन. हिरवं.

मी ते खाली केलं. पुन्हा पाच लिहिला, नऊ लिहिला, बारा, तीन. प्रत्येक वेळी बटन खाली. पहिल्या खोलीत गेले. पाच. दुसरीत नऊ. तिसरीत बारा. चौथीत तीन. सगळे जिथल्या तिथे. बघायला मी एकटी.

चहाच्या खोलीच्या दारापर्यंत मी कशी गेले ते माहीत नाही. मी आयुष्यात कोणाच्या दाराशी काही मागायला उभी राहिलेली नाही, निदान तसं मी सांगत आलेय. विभागप्रमुख सर कप घेऊन बाहेर आले.

‘सर, सापडलं. एक बटन राहिलं होतं. दोनच मिनिटं द्या, दाखवते.’

‘मॅडम, पॅनेल उठलं आता.’

‘दोनच मिनिटं, सर. सर्किट बरोबर आहे. मी चुकले, सर्किट चुकलं नाही.’

‘मग तेच तर ना,’ सर म्हणाले, तेही समजुतीच्या सुरात. ‘सर्किटला थोडीच घ्यायचंय. माणूस घ्यायचाय.’ त्यांनी मागे दाराकडे बघितलं. ‘अजून चारजण बसलेत बाहेर. प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तर कसं व्हायचं? तुम्ही तर घरच्याच. तुम्हाला समजतंच सगळं.’

घरच्याच. अकरा वर्षांत हा शब्द माझ्यासाठी पहिल्यांदा कोणी वापरला होता.

‘प्लीज सर,’ मी म्हटलं.

हे मी लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला सांगून पाहिलं की मी असं म्हटलंच नव्हतं. म्हटलं होतं. सरांनी मान हलवली आणि आत गेले. दाराला झडप होती, ती दोनदा हलली आणि थांबली.

जागा दुसऱ्याला लागली. ज्याला लागली त्याने फळ्यावरच पाठ घेतला होता, असं नंतर कळलं. तो चांगला शिकवतो, मला त्याच्याविरुद्ध काही बोलायचं नाही. कायम माणूस आला म्हणजे तासिकांची गरज संपली, हेही मला कोणी वेगळं सांगितलं नाही. मेमध्ये मी सावेडीची खोली सोडली. काकूंनी निघताना डोळे पुसले, आणि मी दाराला कुलूप लावायच्या आधी आत वाकून दिव्याचं बटन बघून घेतलं.

माळीवाडा एसटी स्टँडवरून कर्जतची गाडी धरली. पुस्तकांच्या दोन पिशव्या आणि एक बॅग. दोन पदव्या घेऊन वस्तीवर परत येणारी बाई बघायला शेजारपाजार येणारच, म्हणून मी मान वर ठेवून उतरले. कोणी आलं नाही. सगळे उन्हाने आत पडलेले होते.

आईने पाणी दिलं. मी बसल्यावर विचारलं, ‘न्हाई लागली व्हय?’

‘नाही.’

‘वशिला पायजे.’

‘वशिल्याचं नव्हतं आई. माझं चुकलं.’

तिला हे पटलं नाही. तिच्या लेकीचं शाळेत कधी चुकलं नव्हतं. ‘काय करून दावायचं हुतं त्यास्नी?’

मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं. एक यंत्र, त्यात चार खोल्या, एकेका खोलीत एक आकडा ठेवायचा आणि मागाहून काढून दाखवायचा.

‘चारच आकडे?’

‘चारच.’

‘चार आकडे तर म्या बी ध्यानात ठिवते.’ ती पदराने वारा घेत होती. ‘फडावर ऊस तोडणाऱ्या दोन जोड्यांच्या किती मोळ्या झाल्या ते ध्यानात ऱ्हायचं माझ्या. मुकादम मला इचारायचा. त्याला यंत्र कशाला?’

‘खरंय.’

‘आन् मग चुकलं काय?’

‘बटन चालू राहिलं.’

‘बटन चालूच असतंय की,’ ती म्हणाली. ‘चालू हुतं तर चुकलं कसं?’

याचं उत्तर मी अकरा वर्षं शिकवत होते. पण तिला ते सांगायचं म्हणजे चौथीतल्या त्या दुपारपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिने मारलेली ती एक चापट तिच्या पदरात टाकावी लागली असती. ती मला टाकायची नव्हती. चापट बरोबर होती. तिच्या घरात तो धडा बरोबरच होता.

तेवढ्यात दारावरचा दिवा लागला. भर उन्हात, पिवळा.

‘आली बघ,’ आई म्हणाली. विहिरीकडून मोटारीचा आवाज आला, पण तो नेहमीचा घुमणारा नव्हता. कोरडा, खरखरीत. पाणी नसलं की मोटार अशी ओरडते.

‘हिरीत पानी न्हाई आठ दिस झालं,’ आई उठता उठता म्हणाली आणि गुडघा धरून पुन्हा बसली. ‘जा गं, बंद कर. जळंल ती.’

मी गेले. चप्पल घालायचं भान राहिलं नाही, माती पोळत होती. पेटीचं दार उघडलं. आत बटन वर होतं, अर्थात. मी ते खाली केलं. आवाज थांबला. मी विहिरीत वाकून बघितलं. तळाला गाळ होता आणि त्यावर उन्हाने पडलेल्या भेगा. लिहून झालं की बंद. कागद अजून पर्समध्येच होता.

परत आले तर आई म्हणाली, ‘केलं?’

‘केलं.’

‘जळली न्हाई न्हवं?’

‘नाही. वेळेत गेले.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला बाहेर आले, तर लाईट गेलेली होती. सहज विहिरीकडे गेले. पेटीचं दार अर्धवट उघडं होतं. आईने पहाटे येऊन बटन परत वर करून ठेवलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं, आणि ते तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

मी हात पुढे केला. मग मागे घेतला आणि पेटीचं दार लावून घरी आले.